नाणे, धान्य आणि हिशेबाची वही : जयपूर व महाराष्ट्राच्या इतिहासातील विनिमयाचा विचार

अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात पैशाची जन्मकथा एका ठराविक क्रमाने सांगितलेली असते. प्रारंभी माणसे वस्तूच्या बदल्यात वस्तू देत असत. शेतकऱ्याला कापड हवे असे, पण विणकराला धान्य नको असे; दोघांच्या गरजांचा एकाच वेळी मेळ बसणे कठीण जाई. या अडचणीतून सर्वांना मान्य होईल अशा एखाद्या वस्तूची निवड झाली. पुढे त्या वस्तूची जागा धातूच्या नाण्याने घेतली आणि त्यानंतर पत, हुंडी, नोट व धनादेश आले. ही कथा सुबोध आहे आणि परीक्षेत लिहावयास सोयीचीही आहे. परंतु जुने दप्तर उघडले म्हणजे हा क्रम तेथे आढळत नाही. धान्य, नाणे आणि उधारी ही तिन्ही एकाच काळी, एकाच गावात, पुष्कळदा एकाच वहीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. मग प्रश्न असा उभा राहतो की विनिमयाच्या इतिहासात खरे महत्त्व कशाला आहे? देवघेवीच्या साधनाला, की त्या देवघेवीचे माप ठरविणाऱ्याला?

सिद्धांताची परंपरा

पैशाचा उगम देवघेवीच्या सोयीत आहे, असा विचार ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स' या ग्रंथात मांडला होता. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये त्याला आधुनिक रूप दिले. श्रमविभागणी झाली की प्रत्येक जण आपल्याजवळचे अधिक उत्पादन देऊन दुसऱ्याचे घेऊ पाहतो, आणि ही देवघेव अडखळू नये म्हणून पैसा निर्माण होतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ मध्ये हीच अडचण एका मनोरंजक उदाहरणाने समजावून दिली. पॅरिसची एक गायिका, मादमोझेल झेली, पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांवर गाण्यासाठी गेली. मानधन म्हणून उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिच्या वाट्याला आला. तो होता तीन डुकरे, तेवीस टर्की, चव्वेचाळीस कोंबड्या, पाच हजार नारळ आणि शिवाय केळी, लिंबे व संत्री. एवढे सारे ती खाणार किती आणि नेणार कोठे? अखेर फळे त्या जनावरांनाच खाऊ घालावी लागली.

ही गोष्ट वाचून हसू येते. पण तिच्यात एक बारकावा दडलेला आहे. ती गायिका त्या बेटावर पाहुणी होती. तिचे तेथे घर नव्हते, सोयरेधायरे नव्हते, पुढल्या हंगामापर्यंत थांबण्याची सोय नव्हती. बेटावरचे लोक आपसांत ज्या रीतीने देणेघेणे करीत, त्या रीतीत तिला जागाच नव्हती. रोखीने वस्तूस वस्तू देण्याचा प्रसंग मुख्यतः परक्यांमध्ये येतो. रोज तोंड पाहणाऱ्या माणसांमध्ये तो क्वचितच येतो.

पुढे काही अभ्यासकांनी याच दिशेने विचार केला. मिचेल इनेस याने १९१३ मध्ये असे मांडले की पैशाचे मूळ वस्तुविनिमयात नसून ऋणात, म्हणजे देण्याच्या नोंदीत आहे. कॅरोलिन हम्फ्री या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९८५ मध्ये असा निष्कर्ष नोंदविला की ज्या समाजाचा सारा व्यवहार केवळ वस्तुविनिमयावर चालतो आणि ज्यातून पुढे पैसा जन्मास आला, अशा समाजाचे एकही वर्णन उपलब्ध नाही.

भारतीय परंपरेलाही ही गोष्ट अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राज्याच्या कोठारात येणाऱ्या धान्याचे प्रकार दिले आहेत. त्यांत विकत घेतलेले धान्य आहे, एका धान्याच्या बदल्यात घेतलेले दुसरे धान्य म्हणजे 'परिवर्तक' आहे आणि परत करण्याच्या बोलीवर उसने घेतलेले धान्यही आहे. त्याच ग्रंथात टांकसाळीचा अधिकारी 'लक्षणाध्यक्ष' आणि नाण्यांची पारख करणारा 'रूपदर्शक' यांची कर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे खरेदी, अदलाबदल आणि उसनवारी ही विकासाची एकामागून एक येणारी पायरी नसून एकाच कोठाराच्या हिशेबातील तीन रकाने होती.

खळ्यावरचे बलुते

महाराष्ट्राच्या खेड्यातील बलुतेदारीचा उल्लेख पुष्कळदा वस्तुविनिमयाचे उदाहरण म्हणून केला जातो. सुतार नांगर करून देई आणि शेतकरी त्याला धान्य देई, एवढे पाहिले तर ते उदाहरण योग्यही वाटते. पण त्या व्यवस्थेचे खरे स्वरूप वेगळे होते. सुताराने नांगर दिला त्या दिवशी शेतकरी त्याच्या पदरात धान्य घालीत नसे. एका नांगराचे किती पायली, असा भावही ठरत नसे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर गावाचे काम करावयाचे आणि सुगी झाली की खळ्यावर आपल्या वहिवाटीचा वाटा न्यावयाचा, अशी रीत होती. कोणाचा वाटा मोठा, कोणाचा लहान, हे बलुतेदारांच्या थोरल्या, मधल्या व धाकट्या ओळीवरून ठरे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या रचनेचे बारकाईने वर्णन केले आहे आणि तिच्यातील दोषांवरही बोट ठेवले आहे.

यावरून बलुते हा बाजारातील सौदा नव्हता, हे ध्यानात येते. ती वर्षभर चालणारी उधारी होती आणि तिची वही गावाच्या स्मरणात असे. ज्या वर्षी पाऊस पडत नसे, त्या वर्षी शेतकऱ्याबरोबर बलुतेदाराचेही खळे रिकामे राही. या व्यवस्थेत आपुलकी होती, संकटात आधारही होता. परंतु कोणाचे श्रम किती मोलाचे, हे ठरविण्याचा अधिकार श्रम करणाऱ्याच्या हाती नव्हता. तो जातीने व वहिवाटीने आधीच ठरविलेला होता.

याच खेड्याचा सरकारशी संबंध आला की नाणे दिसू लागे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत वसुलीचे 'नक्त' आणि 'ऐनजिनसी' असे दोन भाग नेहमी आढळतात. नक्त म्हणजे रोकड, ऐनजिनसी म्हणजे प्रत्यक्ष जिन्नस. नाणीही एका छापाची नव्हती. निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना बट्टा कापला जाई. नाणे खरे की खोटे, पुऱ्या वजनाचे की झिजलेले, हे पारखून सांगणारा पोतदार याच गरजेतून आला. पोतदार हे आज केवळ आडनाव म्हणून उरले आहे; पण एके काळी रयतेच्या हातातील रुपयाचे मोल त्याच्या शब्दावर ठरत असे.

झाडशाही रुपयाचे नगर

महाराष्ट्रातून राजस्थानाकडे वळले की हेच चित्र निराळ्या शब्दांत दिसते. कछवाह राजा सवाई जयसिंग याने १७२७ मध्ये जयपूर नगराची स्थापना केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने चौकडींची आखणी झाली, सरळ रुंद रस्ते व ओळीने दुकाने बांधली गेली. राजवाड्याइतकाच विचार येथे बाजाराचा झाला होता. जौहरी बाजार आजही त्या दूरदृष्टीची साक्ष देतो. व्यापारी व सराफ यांना नव्या नगरात येऊन राहण्यास उत्तेजन देण्यात आले, कारण पेठेत पत असल्याशिवाय नगराला बरकत येत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

जयपूरचा रुपया 'झाडशाही' या नावाने ओळखला जाई, कारण त्यावर झाडाच्या डहाळीचे चिन्ह उमटविलेले असे. मौज अशी की या नाण्यावर दीर्घकाळ नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे होते. दिल्लीची सत्ता नाममात्र उरल्यावरही ते नाव चालू राहिले. १८५७ च्या उठावानंतर बादशाही संपली, तेव्हा महाराजा रामसिंग यांच्या नाण्यावर राणी व्हिक्टोरियाचे नाव आले. चांदी तीच, टांकसाळ तीच. बदलले ते नाव. नाण्याचे मोल केवळ धातूत असते, तर या नावाची एवढी आवश्यकता पडली नसती. बाजारात नाणे स्वीकारले जाई ते चांदीच्या वजनाबरोबरच त्यावरील मुद्रेच्या विश्वासावर.

नगराच्या तटाबाहेर पडले की धान्याचे राज्य सुरू होई. अठराव्या शतकातील जयपूर राज्याचे 'अडसट्टा' नावाचे वार्षिक हिशेबाचे कागद उपलब्ध आहेत. त्यांत काही पिकांवरील सारा रोख घेतलेला दिसतो, तर पुष्कळशा धान्यावरील सारा बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्याच्या रूपाने, घेतलेला दिसतो. एकास 'जब्ती' व दुसऱ्यास 'जिन्सी' म्हटले जाई. पुण्याच्या दप्तरातील नक्त व ऐनजिनसी आणि जयपूरच्या दप्तरातील जब्ती व जिन्सी यांत पुष्कळ साम्य आहे. शेकडो कोस अंतरावरच्या दोन राज्यांतील कारकून एकाच रीतीने दोन प्रकारची वसुली मांडीत होते.

खऱ्या अर्थाने वस्तुविनिमय म्हणता येईल असा व्यवहार पाहावयाचा तर तो सांभर सरोवराच्या मिठात पाहता येतो. जयपूर व जोधपूर या दोन्ही राज्यांची मालकी असलेल्या या सरोवराचे मीठ बंजारे बैलांच्या तांड्यांवर लादून दूरदूर नेत आणि परतताना धान्य भरून आणीत. महाराष्ट्राला परिचित असलेले लमाणांचे तांडे याच परंपरेतील होत. वाटेवरच्या खेड्याला बंजारा वर्षातून एखाद्या वेळी भेटणारा परका माणूस होता. त्याच्याशी वर्षभराची उधारी जमणे अवघड, म्हणून तेथे मिठास धान्य असा हातोहात व्यवहार होई. १८६९ मध्ये जयपूरने व १८७० मध्ये जोधपूरने हे सरोवर इंग्रज सरकारला भाडेपट्ट्याने दिले. रेल्वे आली आणि तांड्यांचा तो व्यवहार मागे पडला.

हुंडी आणि खंडणी

मोठ्या रकमा दूर पाठविण्याचे साधन हुंडी हे होते. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्यास लिहिलेली ती चिठ्ठी असे. दाखविताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी आणि ठराविक दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत देण्यात येई, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर 'परपेठ' मिळे. या कामाबद्दल सावकार जी रक्कम घेई ती हुंडणावळ. चोरादरोडेखोरांच्या वाटेवरून रुपयांच्या थैल्या नेण्यापेक्षा कागदाचा हा तुकडा कितीतरी सुरक्षित होता. त्यामागे होती ती केवळ पेढीची पत.

परंतु याच हुंडीच्या वाटेने जयपूर व मराठे यांच्यातील एक दुःखद प्रकरणही गेले आहे. सवाई जयसिंग व पहिला बाजीराव यांचे संबंध सलोख्याचे होते. १७३६ मध्ये दोघांची भेटही झाली होती. १७४३ मध्ये जयसिंगाचे निधन झाले आणि ईश्वरीसिंग व माधोसिंग या त्याच्या दोन पुत्रांत गादीसाठी कलह सुरू झाला. पैशांच्या आश्वासनावर मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या बाजूने उभे राहिले. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंग विजयी झाला. जयपुरातील ईसरलाट हा उंच मनोरा त्याच्याच काळातील विजयस्मारक होय. पण पुढच्याच वर्षी बगरूच्या लढाईनंतर त्याला माघार घ्यावी लागली आणि मराठ्यांना मोठी रक्कम देण्याचे त्याने कबूल केले.

कबूल केलेली रक्कम खजिन्यात नव्हती. डिसेंबर १७५० मध्ये वसुलीसाठी मल्हाररावांची फौज जयपूरजवळ येऊन ठेपली, तेव्हा ईश्वरीसिंगाने विष घेऊन जीवन संपविले. माधोसिंग गादीवर आला, तरी मागण्या थांबल्या नाहीत. जानेवारी १७५१ मध्ये जयपूरच्या लोकांचा संताप अनावर झाला आणि नगरात आलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. नगर पाहण्यास आणि खरेदीस म्हणून आत गेलेले पुष्कळ लोक त्यात मारले गेले. पुढे १७८७ मध्ये महादजी शिंदे व जयपूर यांच्यात तुंगा येथे जी लढाई झाली, तिच्याही मुळाशी थकलेल्या खंडणीचा तगादा होता.

या प्रसंगाकडे केवळ शौर्याच्या किंवा वैराच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. मराठी सरदारही पैशाच्या पेचात अडकलेले होते. फौजेचा पगार चढलेला, शिलेदार दारात बसलेले, सावकाराचे व्याज वाढत चाललेले, अशी त्यांची नित्याची अवस्था होती. पहिल्या बाजीरावासारखा पराक्रमी पुरुषही कर्जाने गांजलेला होता. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याच्या सावकारांपैकी एक होते. सावकाराचा तगादा पेशव्याला, पेशव्याचा सरदाराला, सरदाराचा जयपूरच्या राजाला आणि राजाचा अखेर ढूंढाडच्या शेतकऱ्याला, अशी ती साखळी होती. साखळीच्या शेवटच्या कडीतील माणसाने ना हुंडी लिहिली होती, ना युद्ध मागितले होते; तरी त्या देण्याचा भार त्याच्या धान्याच्या राशीवर पडला. मराठी माणसाने जयपूरचा इतिहास वाचताना हे पान उलटून पुढे जाऊ नये.

रोकड मुक्ती देते काय?

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि दख्खनमध्ये सारा रोख रकमेत ठरला. पीक येवो न येवो, भाव चढो वा पडो, ठराविक हप्त्याला रुपये भरणे भाग पडू लागले. हाती रोकड नसलेला शेतकरी सावकाराकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला तेजी आली, तेव्हा कर्ज सहज मिळाले. युद्ध संपून १८६५ नंतर भाव कोसळले आणि कर्ज मात्र उरले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्या अंगठ्याच्या ठशावर कागद होत होते, आणि न्यायालय तो कागद प्रमाण मानीत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. आपल्याला बांधून ठेवणारी गोष्ट रुपया नसून तो कागद आहे, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांना पुरते कळले होते. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला.

सुप्याच्या या अनुभवावरून कोणी म्हणेल की रोकडीपेक्षा जुने धान्याचे बलुतेच बरे होते. त्याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्यात सापडते. त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाच्या खरेदीशक्तीचे स्थैर्य गरिबाच्या दृष्टीने किती महत्त्वाचे असते, ही दृष्टी त्यात आहे. ज्याची सारी मिळकत मजुरी आहे, त्याचे दोन पैसे महागाई न बोलता काढून घेते.

त्याच आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. महार वतनदाराला गावाचे व सरकारचे काम वेळीअवेळी करावे लागे. स्वतः नसला तर घरच्यांना जावे लागे. आणि मोबदला म्हणून थोडी जमीन व खळ्यावर मिळेल ते बलुते. बलुते मागावयाचे ते हात पसरून, आणि देणारा रागावला तर तेही बंद. या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे आणि कामाची व्याप्ती नियमाने ठरवावी, अशी त्या विधेयकाची मागणी होती. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. पुढे १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मूठभर धान्यासाठी खळ्याच्या कडेला ताटकळत उभे राहावे लागले, त्याच्या दृष्टीने ठरलेल्या तारखेला हाती पडणारा ठरलेला रुपया ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. तो रुपया कोणी दिला याचा शिक्का त्याच्यावर नसतो, आणि तो घेऊन कोणत्याही बाजारात मान वर करून उभे राहता येते.

सुपे आणि महार वतन ही दोन उदाहरणे परस्परविरोधी वाटतात, पण ती तशी नाहीत. सुप्याला रोकडीने माणूस बांधला गेला, वतनात धान्याने. दोन्हीकडे माप एकाचे, वही एकाची आणि श्रम दुसऱ्याचे होते. जयपूरच्या खंडणीतही हेच घडले. देण्याचा आकडा ठरविणारा एक, कबूल करणारा दुसरा आणि फेडणारा तिसरा.

उपसंहार

वस्तुविनिमयाकडून पैशाकडे आणि पैशाकडून पतीकडे, असा सरळ रस्ता इतिहासात दिसत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तक वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाठ्यपुस्तकातील क्रम समजण्यास सोपा जावा म्हणून असतो. तो घडलेला इतिहास मानू नये. बलुत्याचे धान्य, झाडशाही रुपया, दर्शनी हुंडी आणि आजचा मोबाइलवरून क्षणात होणारा भरणा ही सारी एकाच गोष्टीची रूपे आहेत: एका माणसाचे दुसऱ्याकडे असलेले देणे आणि ते फेडले जाईल हा विश्वास.

हा विश्वास कितपत न्याय्य आहे, हे मात्र साधनावरून कळत नाही. माप कोणी ठरविले, नोंद कोण ठेवतो आणि ती नोंद दुसऱ्या पक्षाला वाचता येते का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते कळते. सुप्याच्या शेतकऱ्याला आपल्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे वाचता आले असते, तर रोखा जाळण्याऐवजी त्याने तो न्यायालयात खोडून काढला असता. साठ वर्षे मुलांच्या हाती पाटी, पुस्तक आणि अंकगणित देणाऱ्या शाळेचे मोल या जागी दिसते. अक्षर आणि आकडा ज्याला समजतो, त्याच्या नावावर कोणाला खोटी वही लिहिता येत नाही. आणि दुसऱ्याच्या नावावर खोटी वही न लिहिण्याची बुद्धी त्याच शिक्षणातून यावी, एवढीच अपेक्षा.